वॉशर

दर रविवारी अकराला मी समोरच्या नऊ नंबरात जाते
आणि तिन्ही नळ सोडते.
आधी नुसती हवा खोकते, मग गंजाचं, चहासारखं,
मग मोरब्याचं पाणी.
वापर नसला की वॉशर वाळतात, ताम्हाणे म्हणाले होते,
सत्याऐंशी साली, चावी हातात ठेवताना.
दोन-तीन वर्षांचा तर प्रश्न आहे.
चावीला तेव्हा लाल लोकरीचा गोंडा होता.
आता गाठ आहे नुसती.

यंदा आले ते बिल्डरच्या कागदासाठी.
वाशीतल्या आमच्या या सिडकोच्या इमारतीत
तिसऱ्या मजल्यावरचं छत पाळण्यात पडलं,
बाळ तेव्हा अंघोळीला नेलेलं,
तेव्हापासून सोसायटीला घाई आहे.
संमतिपत्राच्या तळाशी दोन चौकोन:
नवी सदनिका.
रोख मोबदला.
योग्य तिथे खूण करावी.

रात्री साडेनऊला टॅक्सीतून उतरले. चार बॅगा,
एकीत औषधं, एकीत माझ्यासाठी बदाम,
जे एपीएमसीत अर्ध्या भावात मिळतात, पण मी तसं म्हणत नाही.
दार उघडून दोघंही अंधारात भिंत चाचपत राहिले.
बटण डाव्या हाताला, दाराआड, पंख्याच्या खाली दिव्याचं.
शेवटी मीच हात लांब केला.
उजेड पडल्यावर हेमलता माझ्याकडे बघून हसली,
पाहुणी हसते तशी.

सहा आठवडे ठरवत होते.
ताम्हाणे म्हणायचे, तिथे सरकारने गुडघा बदलून दिला, छदाम न घेता,
पण बघायला कोण आलं? व्यायाम शिकवणारी मुलगी.
ती म्हणायची, इथे फुटपाथ कुठाय तुमच्या गुडघ्याला?
मरताना तरी कानावर आपली भाषा पडेल.
मरायला किती वेळ लागतो हो? त्याच्या आधीचं काय?
मी मेथी निवडत ऐकायची.
काड्याच जास्त निघाल्या या वर्षी.

एका दुपारी ती एकटीच आली.
म्हणाली, विनिपेगला शेजारी एक युक्रेनचा म्हातारा होता,
आपल्या दारातला बर्फ उपसता उपसता आमच्याही दारातला उपसायचा.
चौदा वर्षं. बोलणं असं कधी झालं नाही.
गेल्या हिवाळ्यात त्याच्या दारातला तसाच राहिला.
मग उठून माझ्या ओट्यावरचा नळ
तिने घट्ट बंद केला,
जो बंदच होता.

मला अकोल्याहून येऊन चाळीस वर्षं झाली.
मला कुणी विचारत नाही, परत कधी जाणार.
इतक्या जवळ गेलेल्यांनी परतायचं नसतं बहुधा.
तिथल्या दारावरची पाटी भावाने बदलली
ती मी पुतणीच्या लग्नात पाहिली, हातात मठ्ठ्याचं भांडं,
आणि पुढच्या पानाकडे वळले.

मागच्या मंगळवारी गेले दोघं. कागद माझ्याकडे.
शुक्रवारी फोन करतो, सांगू तिथे तुम्हीच खूण करा.
शुक्रवार होऊन गेला.
सेक्रेटरी बोंद्रे जिन्यात गाठतात, मी भाजीची पिशवी पुढे धरते.
कागद खिडकीशी नेला की दिसतं:
पहिल्या चौकोनात पेन्सिलीची खूण, खोडलेली.
दुसऱ्यातही.
एक दाबून केलेली, एक हलक्या हाताची.
खुणेला अक्षर नसतं, कुणाची कुठली
ते काही कळत नाही.

नव्या इमारतीतल्या नळांना वॉशरच नसतात म्हणे,
आत सिरॅमिकचं काहीतरी असतं,
वर्षानुवर्षं सोडलं नाही तरी चालतं.

आज रविवार.
न्हाणीघरातला सोडलाय. खोकतोय अजून.
बादली खाली सरकवून
मी उभी आहे.